रांग बंद झाल्यावर

"नको आहे," दार अर्धंच उघडून तो म्हणाला.

"मी अजून काही दिलेलंच नाही," जरीना म्हणाली.

त्याच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि दुसरा गाल नुकता गुळगुळीत झालेला. रविवारची सकाळ होती. खालच्या मंडईतून शेवंतीचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास जिन्यानं वर चढत आला होता. जरीना महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवायची आणि निवडणूक आली की या गल्लीची जबाबदारी तिच्यावर यायची. घरोघरी जाऊन मतदारांच्या चिठ्ठ्या पोचवायच्या, मतदानाच्या दिवशी केंद्रावर थांबायचं.

"मेहरुन बेगम यांचंच घर ना? आपण कोण?"

"त्यांचा मुलगा, सिराज. राहतो वाघोलीला, नाव मात्र इथंच अडकलंय."

"अडकलेलं नाही, आहे. ही आपली चिठ्ठी."

"ठेवा तिथं, चपलांच्या कपाटावर."

"हात पुढं करा."

वर्गातल्या पोरासारखा त्याचा हात आपोआप पुढं आला. चिठ्ठी देताना तिच्या बोटांना थोडा फेस लागला. तो तिनं ओढणीला पुसला… आणि जिना उतरताना उगाचच दोनदा त्या बोटांकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी ती मंडईमागच्या बोळातून चालली होती, तेव्हा तो मागून आला. या वेळी दाढी पूर्ण झाली होती.

"मॅडम, एक शंका आहे. एका मतानं काय होतं?"

"कोथिंबिरीची एक काडी गळली तर जुडीला कळत नाही," ती न थांबता म्हणाली. "पण जुडी काड्यांचीच असते."

"कितवीला शिकवता?"

"तिसरीला."

"तरीच."

"तिसरीतल्या पोरांना हे एकदा सांगितलं की कळतं."

तो हसला. मग शेवंतीच्या ढिगाशी थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "अम्मी सांगत होती, सोलापूरहून तुम्हाला बघायला लोक आले होते."

"आले होते."

"मग?"

"मतदान झालं की उत्तर द्यायचंय. अब्बा त्याच संध्याकाळी त्यांना फोन करणार आहेत."

"मतदान झाल्यावरच का?"

जरीनानं एक शेवंती उचलली आणि परत ठेवली. "सध्या कामात आहे."

"आणि त्या दिवशी मी मत द्यायला आलो तर?"

"रांगेत उभं राहावं लागेल."

"मी शब्द देत नाही हं," तो म्हणाला. "दिला की पाळावा लागतो."

ती हसली खरी, पण घरी जाताना ते वाक्य चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं. सोलापूरचा मुलगा चांगला होता. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. सिराजमध्ये मात्र एक मोठी खोट होती – 'त्यानं काय होतं' हे त्याच्या जिभेवर खडीसाखरेसारखं विरघळत होतं. आज मताबद्दल म्हणतो, उद्या मुलाच्या तापाबद्दल म्हणेल, परवा माझ्या रडण्याबद्दल. अशा माणसाच्या हाती हात द्यायचा कसा? तिनं कुणाला न सांगता मनाशी ठरवलं. तो आला, तर सोलापूरला नाही म्हणायचं. नाही आला… तर हो.

मतदानाच्या दिवशी सकाळी मेहरुन बेगम रांगेत सगळ्यात पुढं होत्या. शाई लावलेलं बोट उंच धरूनच त्या बाहेर आल्या.

"सिराज?" जरीनानं विचारलं. स्वर शक्य तितका सरकारी ठेवला होता.

"गेला मित्रांबरोबर लोणावळ्याला. सुट्टी आहे ना," त्या म्हणाल्या. जरीनाचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "फोन लागत नाही बेटी. दिवसभर लावत राहीन."

दुपार ओसरली. शाळेच्या फरशीवरची उन्हाची पट्टी सरकत सरकत भिंतीवर चढली. मोबाइल आत आणायला बंदी होती, म्हणून कुणाला विचारायचीही सोय नव्हती. फाटकावर पावलं वाजली की जरीनाची मान वळे. कधी काठी टेकत येणारे आजोबा, कधी लेकराला कडेवर घेतलेली बाई. घरातल्या आरामखुर्च्या सोडून म्हातारी माणसं येत होती… आणि धडधाकट पाय लोणावळ्याच्या थंड हवेत फिरत होते.

सहा वाजायला आले तरी रांग संपली नव्हती. केंद्राध्यक्ष मंदाकिनीबाईंनी सह्या केलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या तिच्या हाती दिल्या. "जरीना, शेपटाकडून वाटत ये. शेवटच्या माणसाला एक नंबर, मग पुढं दोन, तीन. म्हणजे मागून कुणी घुसणार नाही. हिंदुरावांना फाटक लावायला सांग."

जरीना सावकाश चालत रांगेच्या शेवटाकडे गेली. इतकी सावकाश ती आयुष्यात चालली नव्हती. शेपटाला भाजीवाली शालूमावशी उभी होती, घामानं निथळत, आणि गुणगुणत –

धावत आले बाई, घाम पुसते पदरानं
वाट अडवली माझी मेथीच्या गिऱ्हाइकानं

"घे मावशी. एक नंबर."

"अगं, मी तर सगळ्यात शेवटची."

"आज शेवटचाच पहिला."

हिंदुराव हवालदारांनी फाटक ओढलं. कडी पडली. आणि कडीचा आवाज विरतो न विरतो तोच कोपऱ्यावरून कुणीतरी धावत आलं.

सिराज होता. शर्ट पाठीला चिकटलेला, केस धुळीनं भुरे झालेले. त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. बोलायला श्वास नव्हता.

"द्या की मॅडम," हिंदुराव हळूच म्हणाले. "पोरगं पळत आलंय. मी काय कुणाला सांगत नाही."

जरीनाच्या मुठीत चिठ्ठ्या होत्या. एकीवर नुसतं शून्य लिहिलं असतं तरी चाललं असतं. मधे गजांएवढंच अंतर होतं. याच माणसासाठी दिवसभर मान दुखेपर्यंत वळली होती… आणि आता हा समोर होता, आणि हात पुढं करायचा होता फक्त तिनं.

"कुठून आलात?" तिनं विचारलं.

ट्रॅफिक म्हणाला असता, पंक्चर म्हणाला असता. पुण्यात दोन्ही खपून जातं.

"लोणावळ्याहून," तो म्हणाला. "सकाळी गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो, आणि घास उतरेना. उठलो. लोकल हुकली, मग टेम्पोतून आलो… जेवणावरून उशिरा उठलो तो मीच, टेम्पोवाल्याचा दोष नाही."

जरीनाचे डोळे भरून आले. मूठ मात्र उघडली नाही.

"मतदानाची वेळ संपली आहे," ती म्हणाली. "आपल्याला आत घेता येणार नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग गजांवरचे हात काढले आणि मागं सरकला. जरीना वळली, पुढच्या माणसाला दोन नंबर दिला, त्याच्या पुढच्याला तीन. अक्षरं पाण्यात लिहिल्यासारखी दिसत होती. झालं, तिनं मनात म्हटलं. माझ्याच हातानं झालं.

शालूमावशीनं सर्वांत शेवटी मत दिलं. मशीन बंद झालं, लाखेचं सील लागलं. जरीना बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला होता.

"गेला नाहीत?"

"रागावलोय."

"माझ्यावर?"

"तेच ठरवत बसलोय." त्यानं हात उघडून बघितला. "समोरून सगळी मंडई गेली. हमाल गेले, फुलवाल्या गेल्या. ज्याच्या त्याच्या बोटाला शाई. आजवर एकदाही मत दिलं नाही, पण कधी काही वाटलं नाही. आज पहिल्यांदा माझं काहीतरी गेलं असं वाटलं. तुम्ही आत घेतलं असतंत ना, तर उद्या विसरून गेलो असतो."

जरीना पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधून एक मांजर निवांत चालत गेलं.

"मला घ्यावंसं वाटलं होतं," ती म्हणाली.

"दिसलं ते. म्हणून तर बसून राहिलो." त्यानं घसा साफ केला. "जरीना… सोलापूरला फोन गेला का?"

पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं होतं. मॅडम गळून पडलं होतं.

"अब्बा माझी वाट बघताहेत."

"मी हजर राहायला उशीर करणारा माणूस आहे, हे तुम्ही बघितलंच. पण मला तुमच्याबरोबर राहायचंय. हा शब्द देतोय. पाळावा लागेल, माहीत आहे."

तो आला होता, आणि वेळेवर आला नव्हता. खोटं बोलला नव्हता, आणि नाकारल्यावर निघूनही गेला नव्हता.

"सोलापूरला मी 'नाही' असंच कळवणार आहे," शेवटी ती म्हणाली. "पण तुम्हाला अजून हो म्हटलेलं नाही. उद्या अम्मींना घेऊन घरी या. चार वाजता. अब्बा निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. चार म्हणजे चार."

"तीनला येऊन दारात बसतो."

"तीनला अब्बा झोपतात. बेल वाजवू नका."

"बरं."

"आणि दाढी पूर्ण करून या."

ती उठली. तो उठला, पण लगेच जवळ आला नाही. मग दोघं बोळातून चालू लागले. सुरुवातीला हातभर अंतर ठेवून, आणि शेवंतीवालीच्या उरलेल्या पाटीपाशी गर्दी झाली तेव्हा… तेवढंही न ठेवता.