आधी पाणी

"आई आत अखेरचे श्वास घेत होती आणि तू अंगणात अंग घासत बसलीस!"

धाकट्या भावाने उंबरठ्यात उभं राहून फेकलेलं हे वाक्य ताईच्या काळजात रुतलं ते कायमचंच... त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. ताई अग्निशमन दलात, रसायनांच्या अपघातांवर जाणाऱ्या पथकाची प्रमुख. त्या दिवशी कीटकनाशकाच्या गळतीवर असताना आईचं कळलं आणि ती होती तशी धावली. पण विषाने भिजलेल्या कपड्यांनिशी घरात पाऊल कसं टाकणार? ती अंगणातल्या नळाखाली उभी राहिली आणि तेवढ्यात आई गेली! दुःखाने आंधळ्या झालेल्या भावाला काय समजावायचं, म्हणून तिने तो दोष मुकाट्याने पदरात घेतला.

कामावर मात्र ताई कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

परवा एका कारखान्यात कीटकनाशकाचं पिंप फुटलं. भिजलेल्या कामगाराला त्याच्या मित्राने उचलून थेट दवाखान्यात नेलं. ताईची गाडी मागोमाग पोहोचली, तर स्ट्रेचर आत ओढत होता तो तिथला नर्स, म्हणजे तिचा भाऊच! ताई चेहराभर काचेचा मास्क चढवून दारात आडवी उभी राहिली.

"आधी पाणी! कपडे काप त्याचे!"

"ताई, सरक! जीव चाललाय त्याचा!"

दोन वर्षांनी ऐकलेलं ते 'ताई'... पण तिचा पाय हलला नाही.

"कपड्यांतलं विष कातडीतून अजून आत जातंय. आणि असाच आत नेलास, तर वॉर्डातल्या सगळ्यांना बाधेल."

तो तिला ढकलणार, इतक्यात तो मित्रच भिंतीला टेकून खाली बसला. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! पिंपाला त्याने बोटही लावलं नव्हतं. लावलं होतं ते फक्त मित्राला. भावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने स्वतःच कात्री घेतली.

दोघांनाही धुऊन आत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर डोकावले, "वाचतील दोघंही!" तोवर ताईने भावाचं मनगट धरून त्याला नळाशी ओढलं होतं.

"ताई... आई शुद्धीवर होती गं! मी तुला हाक मारायला निघालो, तर तिनेच हात धरला माझा. म्हणाली, 'ओरडू नकोस तिच्यावर. नीट धुऊन येऊ दे तिला, घरात तुझं तान्हं लेकरू आहे.' आणि मी बाहेर येऊन ओरडलोच! मग तुला हे सांगायला तोंडच उरलं नाही..."

आई रुसून गेली नव्हती... तिला सगळं उमगलं होतं! इतके दिवस उरात कोंडलेला हुंदका फुटला.

"गाढवा! दोन वर्षं जाळलंस मला!" ती एवढंच म्हणाली आणि तिने त्याचे हात पुन्हा पाण्याखाली ओढले. "कोपरापर्यंत चोळ. आणि खबरदार त्या हातांनी डोळे पुसलेस तर!"

दोघं तशीच उभी राहिली. तिची आसवं मास्कच्या काचेआड, त्याची गालांवरून ओघळत... आणि पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.