तीनदा विचारायचं

दातांच्या लॅबला रविवारी सुट्टी असते, म्हणजे तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाचा रविवार हमखास बुडतो. धाकट्याला याची सवय होती. तरी त्या रविवारी जेवून घराबाहेर पडतानाच त्याचं डोकं तापलेलं होतं. आजचा गुंता सख्ख्या भावाच्या हातचा होता आणि भावाला जाब विचारायची सोय नव्हती. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती.

धंदा दोघा भावांचा. लहानसहान ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे आणि मग जन्मभर त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. दादा कर्ता, हा मदतनीस. म्हणून गिऱ्हाइकं याला 'धाकटा' म्हणत, आणि थोरला गेल्यावरही ते नाव काही याला सोडेना. कानशिलं पांढरी झाली तरी धाकटाच. काही नवं करायला गेला की दादा म्हणायचा, "थांब, तुला इतक्यात जमायचं नाही." त्या थांबण्यातच याची अर्धी उमर गेली. दादाने ठिकठिकाणी बसवलेले जुने सर्व्हर त्याने गेल्या दोन वर्षांत एकेक करून निकालात काढले होते. आता ही लॅब तेवढी उरली होती. वहिनी आणि तो, दोघांचं घर मुख्यतः लॅबच्याच जिवावर चालायचं. मालकाने बजावून ठेवलं होतं की सोमवारी सकाळी काम सुरू झालं नाही, तर तो दुसरा माणूस बघेल.

काम सांगायला सोपं आहे. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर म्हणजे एका घरची माणसं समजा आणि सर्व्हर म्हणजे घरातला कर्ता. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठलं कपाट उघडू द्यायचं, सगळं तो ठरवतो. या घराला डोमेन म्हणतात. कर्ता म्हातारा झाला की नवा आणायचा, एकेका कॉम्प्युटरचं सामान, म्हणजे त्यातली सगळी माहिती, उतरवून त्याला जुन्या घरातून नव्या घरात न्यायचं, आणि शेवटी म्हाताऱ्याला कायमचं बंद करायचं. सांगायला एवढंच. करायला बसलं की एकेक कॉम्प्युटर असा हट्टाला पेटतो की माणसाच्या नाकी नऊ येतात.

लॅबची किल्ली हिशेबाच्या बाईंकडे होती. त्यांनी दार उघडलं, दाराशीच खुर्ची टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"धाकटे, पाचपर्यंत होईल ना? माझी बहीण यायची आहे."

"होईल की."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. मग आठवडाभर प्रिंटर बंद होता."

"तो प्रिंटर जन्मापासूनच तसा आहे, बाई."

आत ओल्या प्लास्टरचा आणि गुलाबी मेणाचा वास भरून राहिला होता. भिंतीला लागून फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला पेशंटच्या नंबराची चिठ्ठी. कारागीर नसले की ते सगळे तोंड उघडून आपल्याकडेच बघतात असं वाटतं. वर कारागिरांची खोली आणि तिथेच सगळे कॉम्प्युटर, खाली ऑफिस, आणि जिन्याखाली एक बिनखिडकीची कोठडी. सर्व्हर तिथे. दिवसाढवळ्याही आत दिवा लावावा लागे, आणि आज तो दिवाही लागेना. धाकट्याने दादाचा उद्धार केला आणि मोबाइलचा उजेड लावून कामाला सुरुवात केली.

भाऊ असताना याच कामाची एक पद्धत होती. एक खाली सर्व्हरपाशी, एक वर कॉम्प्युटरपाशी. खालचा ओरडून विचारणार, "काढू?" वरचं सामान उतरलं असेल तर वरचा म्हणणार, "काढ." नसेल तर, "थांब." काढ म्हटलं की खालच्याने जुन्याची वायर उपसून नव्यात लावायची. थांब म्हटलं की काही झालं तरी वायरीला हात लावायचा नाही. आणि तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर वर कोणी नाही असं धरून काढून टाकायची. दादाचा हा नियम दोघांनीही कधी मोडला नव्हता. दादाची आणखी एक खोड होती. ज्या कॉम्प्युटरचं काम उरकलं, त्याचा कीबोर्ड उभा करून पडद्याला टेकवून ठेवायचा. दहातले चार घसरून पडायचे. दादा गेल्यावर धाकट्याने पहिली सुटका करून घेतली ती या कीबोर्डांपासून.

आता तो एकटा. वर जाऊन सगळ्या कॉम्प्युटरांना कामाला लावायचं, खाली यायचं, वायर काढण्याआधी पुन्हा वर जाऊन बघायचं. तिसऱ्या चकरेलाच पोटऱ्या भरून आल्या. कोठडीत उकिडवं बसून त्याने वायर धरली आणि वैतागाच्या भरात, जुन्या सवयीने, ओरडला.

"काढू?"

ओरडल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. उठणार इतक्यात वरून आवाज आला. हलका, घसा बसल्यासारखा.

"काढ."

बाई वर गेल्या वाटतं, त्याच्या मनात आलं. एवढी अक्कल होती तर आधीच का नाही गेल्या? त्याने वायर काढून नव्यात लावली. पुढची धरली.

"काढू?"

"काढ."

मग काय, कामाला गती आली. मालकाचा फोन आला. "अरे धाकट्या, माझी जुनी पत्रं जाणार नाहीत ना?" नाही जाणार. "आणि माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो?" ते ऑफिसच्या सर्व्हरवर कशाला ठेवलेत, हा प्रश्न त्याने गिळला. फोन ठेवून त्याने पुढची वायर धरली.

"काढू?"

"थांब."

तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"थांब..."

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. बाईंना यातलं काय कळतंय? तो तणतणत वर गेला. वर कोणी नव्हतं. त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सामान उतरवायचं काम अजून चाललेलं होतं, जरासंच राहिलं होतं. वायर उपसली असती तर सगळं पाण्यात गेलं असतं. बरं झालं, असं म्हणत तो वळला आणि जागच्या जागी थिजला.

काम उरकलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा कीबोर्ड उभा होता. नीट, पडद्याला टेकवून. न उरकलेल्यांचे आडवेच होते.

तो खाली आला तो कठडा धरून. बाई दाराशीच, पर्स मांडीवर तशीच.

"बाई, तुम्ही वर गेला होतात ना?"

"मी? या गुडघ्यांनी? जिना चढून मला वर्ष झालं, धाकटे."

"मग मघापासून मला उत्तर कोण देत होतं?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलं तुम्ही फोनवर बोलताय. मला तर तुमचाच आवाज येत होता. काढू, काढू... आणि मग गप्प."

कोणीही शहाणा माणूस इथून निघून गेला असता. पण निघून जाऊन घरी वहिनीला सांगायचं काय? तिच्या नवऱ्याने ऑफिसात ठाण मांडलंय, म्हणून सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सोडून आलो? धाकटा पुन्हा कोठडीत शिरला. आता तो ओरडत नव्हता, पुटपुटत होता. पुटपुटलेलंही वर पोचत होतं.

"काढू?"

"काढ."

खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं. दोन वर्षांत कोणी त्याच्या कामाला असा हात लावला नव्हता. अंधारात गुडघ्यांवर बसून, नाक पुसत, त्याने एकेक वायर काढली आणि दादाच्या उत्तरांवर काम तडीस नेलं. शेवटी सगळे कॉम्प्युटर नव्या घरी गेले. उरला जुना सर्व्हर, त्याचा घरघरणारा पंखा, आणि भिंतीतला त्याचा जाड प्लग. त्याने वर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी सगळे पडदे तपासले. काही म्हणता काही राहिलेलं नव्हतं. खाली येऊन त्याने प्लगला हात घातला.

"काढू?"

"थांब."

"अरे, सगळं झालंय दादा. मी बघून आलो. काढू?"

"थांब..."

आवाज आता वरून येत नव्हता. जिन्यावरून येत होता, मधल्या पायरीवरून असावा.

बाहेरून बाईंची हाक आली, "धाकटे, पाच वाजले हो."

थांबायचं कशासाठी ते त्याला कळलं. सामान कुठलंच राहिलं नव्हतं. या डब्यात राहिलं होतं ते एकच, आणि ते थांब म्हणत होतं. त्याला दया आली. पण तिच्यापाठोपाठ जन्मभराचा राग उसळून वर आला. शाळेत थांब, धंद्यात थांब, स्वतःचं दुकान काढायचं म्हटलं तर थांब. मेल्यावरही थांबच.

"काढू?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब रे... थांब जरा..."

अगदी जवळून. कोठडीच्या दारातून.

"किती थांबायचं?" धाकटा म्हणाला, आणि त्याने प्लग उपसला.

पंखा हळूहळू मंदावत थांबला. कोठडीत एवढी शांतता झाली की त्याला कानात स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग वर एक कीबोर्ड पडला. मग दुसरा. मग एकामागून एक सगळे.

"काय पाडलंत?" दारातून बाई म्हणाल्या. हे मात्र त्यांना ऐकू गेलं होतं.

सोमवारी लॅब वेळेवर सुरू झाली. मालक खूष झाला. मुलीच्या लग्नाचे फोटोही सापडले. प्रिंटर चालला नाही, पण तो कधीच चालत नसे.

मंगळवारी संध्याकाळी धाकटा घरी टेबलाशी बसला होता. आतल्या खोलीतून आवाज आला.

"काढू?"

तोच घसा बसलेला आवाज. आता विचारणारा खालचा दादा होता आणि उत्तर देणारा वरचा तो. काय काढायचंय, ते आवाजाने सांगितलं नाही.

"थांब," तो कसाबसा म्हणाला.

आवाज थांबला. दादा नियम मोडणाऱ्यातला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आणि त्यानंतर रोज, कधीही. दाढी करताना, बसमध्ये, गिऱ्हाइकाशी बोलताना. धाकटा "थांब" म्हणायचा आणि समोरचा माणूस चमकून थांबायचा. अंघोळीला त्याने नळ बारीक सोडायला सुरुवात केली, न जाणो, पहिल्या दोन हाका पाण्यात बुडायच्या. झोप तर जवळजवळ उडालीच. या वैतागाचं कोणाला सांगणार? वहिनीला तर नाहीच.

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तो खुर्चीत टेकला आणि त्याचा डोळा लागला. गाढ लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि वहिनी दोरीवरचे कपडे घडी करत होती.

"बरी झोप लागली ना, भाऊजी? किती दिवसांनी असे झोपलात."

"हं."

"मघाशी मात्र झोपेत काय काय विचारत होतात. काढू का, काढू का म्हणून. दोनदा मी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, कपडेच वाळलेत का विचारताय." ती हसली. "तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी म्हटलं, काढा."

धाकटा उठून उभा राहिला. त्याने खोलीभर पाहिलं. पंखा फिरत होता. घड्याळ चालत होतं. त्याने मनगटावर बोटं ठेवली, नाडीही लागली. सगळं जिथल्या तिथे होतं.

"वहिनी, आवाज कुठून आला होता?"

वहिनीने पदर खोचला, कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि त्याच्या अंगावरून ती आतल्या खोलीत निघून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. विचारात असेल, ऐकू गेलं नसेल.

"वहिनी," त्याने मोठ्याने हाक मारली.

आत कपाटाचं दार उघडलं, लागलं. खुर्चीकडे परत येऊन तिने रिकाम्या बैठकीवरची उशी झटकली आणि नीट लावून ठेवली.

तिसऱ्यांदा हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.