कोऱ्या कागदाचा ससा

"वरचं टोक खाली आणा. आता नखाने घडी पक्की करा. पक्की म्हणजे अगदी पक्की, हं दोस्तांनो." मोबाइलमधल्या ताईचा चेहरा कधीच दिसत नाही. फक्त हात.

*

डाग वेगळा, ओरखडा वेगळा. डाग फडक्याने निघतो. ओरखडा दिसायला पत्रा उजेडात तिरपा धरावा लागतो, आणि एकदा दिसला की तो पत्रा लाइनवरून खाली.

*

भिंतीला टेकवलेला पाटा, त्यावर हळदीची बोटं. पुढ्यात भाकरी, लिंबू, विळा, एक पेन आणि एक कोरा कागद.

*

गुऱ्हाळ पेटलं की खुटबावात वाळत घातलेल्या लंगोटांनाही काकवीचा वास येतो.

*

नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कपाळावर काहीही नसतं.

*

तर पूनम बाळंतपणाला माहेरी, खुटबावला आलेली. सासर नदीच्या पल्याड, वडगाव रासाईला. नवरा तिथून रांजणगावच्या एमआयडीसीत जायचा. पूनमही तिथेच कामाला, पण दुसऱ्या कंपनीत, क्वालिटीला. फ्रिजच्या दारांचे पत्रे ट्यूबखाली तिरपे धरून तपासायचे आणि बोट लावून सांगायचं, हा पास, हा रिजेक्ट. रजा तिला मिळाली होती, तिच्या नजरेला नव्हती. माहेरच्या ताटातला पोचा, भिंतीतली नवी भेग, वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, चष्म्यावरचा चरा, सगळं तिला बाजेवर पडल्या पडल्या दिसायचं.

थोरली ज्ञानेश्वरी दुसरीत होती. शाळा बुडवून आईबरोबर आजोळी आली आणि दोन दिवसांत कंटाळली. मग तिला मोबाइलवर ती कागदाच्या घड्या घालणारी ताई सापडली. त्यानंतर घरात कागद टिकेना. कॅलेंडरचं पान, बिस्किटाचं वेष्टन, आण्णांचं वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत. चिमण्या, बेडूक, मांजरीची तोंडं. चिमण्या तिने दोऱ्यात ओवल्या आणि बाळाच्या झोळीवर चिमणाळं म्हणून टांगल्या. वाऱ्याने त्या हलायच्या आणि बाळ डोळे फिरवायचं.

"बाजारातल्यापरीस झ्याक झालंय," आण्णा म्हणाले. "फकस्त माझा पेपर मला वाचू देत जा, बाय."

पाचवीला पूनमच्या आईने, म्हाळसाने, सटवाई पुजली. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं पुढचं सगळं लिहून जाते, म्हणून पेन आणि कोरा कागद ठेवायचा. कागद घरात एकच धड उरला होता, ज्ञानूच्या चित्रकलेच्या वहीतला. म्हाळसाने तो न विचारता फाडला आणि ज्ञानू तोंड फुगवून बसली.

"सटवाईला जेल पेन चालतंय का?" पूनम म्हणाली.

"तू गप पड. तुझ्या टायमाला शिसपेन्सिल ठिवली हुती."

"तरीच माझं सारखं खोडलं जातंय."

म्हाळसाला हसू आलं, पण तिने ते पदरात दाबलं. दुसऱ्या दिवशी पूजा आवरली आणि तो कागद बाळाच्या उशाखाली सरकवला. कागद कोराच होता. तो कोराच असतो.

*

त्याच दुपारी पूनमला कपाळावरची रेघ दिसली.

आधी तिला काजळ वाटलं. कापूस ओला करून पुसलं. गेलं नाही. म्हणजे डाग नव्हे. तिने बाळाला खिडकीशी नेलं, डोकं जरा तिरपं केलं. डावीकडच्या केसांपासून उजव्या भुवईपर्यंत एक बारीक रेघ, त्वचेच्या रंगाचीच, नुसती सावलीने दिसणारी. सरळ.

सरळच तर खटकलं तिला. माणसाच्या अंगावर सरळ काही नसतं. तळहाताच्या रेषा वळतात, सुरकुत्या वळतात, टाक्यांचा व्रणसुद्धा जरा बाक घेतो. ही पट्टी धरून ओढल्यासारखी होती.

"टोपड्याची नाडी रुतली असंल," म्हाळसा म्हणाली आणि नाडी सैल केली.

दुसऱ्या दिवशी पहिलीला छेद देणारी दुसरी रेघ होती. उजव्या केसांपासून डाव्या भुवईपर्यंत. मग आडवी. मग दोन्ही अंगांना दोन लहान, एकमेकींसारख्या. टोपडं तर तोवर काढूनच ठेवलेलं.

बाळ रडेनासं झालं. शेजारची पुतळाबाई बघायला आली तर म्हणाली, "लई गुणाचं हाय ग, आवाज न्हाई." पूनमला ते ऐकवलं नाही. बाळ दूधही नीट ओढत नव्हतं. आणि ते मिटत चाललं होतं. गुडघे पोटाशी, हात छातीशी, हनुवटी खाली. म्हाळसा तेल लावायला बसली की एकेक हात उलगडून लांब करायची, आणि दुसरा हात हाती घेईतो पहिला पुन्हा आपल्या जागी गेलेला असायचा.

"पोटातली सवय हाय," ती म्हणायची. पहिल्या दिवशी मोठ्याने म्हणाली. नंतर हळू.

ओट्यावर ज्ञानू त्या ताईच्या मागोमाग बोलत बसलेली असायची. "मागून दाबा, बेडूक उडी मारेल. आजी, बघ ना. उडी मारतोय."

*

केडगावच्या डॉक्टरांनी बाळाला काट्यावर ठेवलं. वजन उतरलं होतं. त्यांनी बाळाचा डावा पाय धरून सरळ केला आणि सोडला. पाय वर गेला. झटक्याने नव्हे. सावकाश, गुडघ्यात एकाच ठिकाणी मोडत, आणि पोटावर चपट बसला. डॉक्टरांनी पुन्हा सरळ केला. पुन्हा तसाच गेला, नेमका त्याच जागी. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही.

"कपाळाला काही बांधलं होतं का?"

"न्हाई, डॉक्टर," पूनम म्हणाली.

"आज दूध घेतंय का बघा. नाही घेतलं तर सकाळी थेट पुणे. वाट बघू नका."

"पण झालंय काय?"

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी आल्यावर पूनमने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सकाळी गाडी घेऊनच येतो. बाळाने दूध घेतलं नाही. ओठ लावले, उघडले नाहीत. म्हाळसा पिशवी भरू लागली. दुपटी, वेखंड, अंगाऱ्याची पुडी. मग तिने झोळीतल्या उशाखाली हात घातला.

"सटवाईचा कागद कुठाय? त्यो संगं न्यायचा."

उशाखाली काही नव्हतं. झोळी झटकली, दुपटी झटकली. पूनमला आईचा राग आला. लेकरू असं पडलंय आणि हिला कागदाची पडलीय.

तरीही ती ओट्यावर गेली. ज्ञानू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मोबाइल, एका हातात टोपण काढलेलं स्केचपेन, दुसऱ्या हातात पांढरा ससा. उंच कान, गोल पाठ, पोटाशी दुमडलेले पाय. आजवर केलेल्या सगळ्यांत गोड.

"ज्ञानू, बाळाच्या उशाखालचा कागद तू घेतलास?"

"माझ्याच वहीचा होता तो." ज्ञानू वर न बघता म्हणाली. "आजीने न विचारता फाडला. आणि त्याच्यावर कुणी काही लिहिलंच नाही, मम्मी. मग मी घेतला."

"कधी?"

"पाचवीनंतर. आधी चिमणी केली. मग मोडून बेडूक. मग मांजर. आता ससा. मांजर नाही आवडली मला."

पूनमने सशाकडे पाहिलं. मोडलेल्या चिमणीच्या, बेडकाच्या, मांजरीच्या घड्या सशाच्या पाठीवर बारीक रेघांनी उमटल्या होत्या. एक तिरपी. तिला छेदणारी दुसरी. एक आडवी. दोन्ही अंगांना दोन लहान, एकमेकींसारख्या.

तिने या रेघा पाहिल्या होत्या. सकाळीच.

"झालाच आहे," ज्ञानू म्हणाली. "नुसतं नाक राहिलंय. नाक आत ढकलायचं असतं. असं."

तिने बोटाने टोक आत ढकललं.

घरातून म्हाळसाचा आवाज आला. मोठा नव्हता. "पूनम. बाळाचा श्वास बघ ग."

*

पूनमने ससा घेतला की हिसकावला, तिला पुढे आठवेना. झोळीशी ती कशी पोचली तेही.

बाळाचं तोंड मिटलेलं. नाकपुड्या आत ओढलेल्या. रंग उतरत चाललेला.

तिने सशाचं नाक चिमटीत धरलं आणि बाहेर ओढलं.

बाळाने श्वास घेतला. इतका खोल, की झोळी हलली.

म्हाळसाने तोंडावर पदर धरला.

"फाडू नगंस," ती पदराआडून म्हणाली. "पूनम, फाडू नगंस. हळू."

पूनमच्या हातांना घाम आला होता. तिने ते साडीला पुसले. मग डावा कान धरला आणि खाली घेतला.

बाळाची डावी मूठ उघडली.

उजवा कान. उजवी मूठ.

पोटाशी दुमडलेल्या पायांची घडी ताईने पक्की करायला सांगितली होती, आणि ज्ञानूने ती पक्की केली होती. अगदी पक्की. पूनमने नख घातलं. कागद करकरला. बाळ करवादलं.

ती थांबली.

मग नख न लावता, फुंकर घालून, घडी सोडवली.

गुडघे खाली आले.

पाठ. मग पोट. मग मधली मोठी घडी.

कागद उघडा झाला, आणि बाळ रडलं. घर दणाणून जाईल असं, संतापून, पाय झाडत. गोठ्यातून आण्णा धावत आले आणि दारातच उभे राहिले. पूनमने बाळाला छातीशी धरलं. ते दुधावर असं तुटून पडलं की तिला दुखलं, आणि ती दुखू देत राहिली.

ज्ञानू चौकटीला धरून उभी होती. "मम्मी, माझा ससा?"



*

पुण्याच्या दवाखान्यात काही निघालं नाही. वजन भरत गेलं. बाराव्याला नाव ठेवलं, रुद्र. झोळीवर आता बाजारातलं कापडी चिमणाळं होतं.

कपाळावरच्या रेघा मात्र राहिल्या. उजेडात तिरपं धरलं तरच दिसायच्या, आणि तसं धरून बघणारी एकटी पूनमच. एके दुपारी तिने कागदावर फिरवायला इस्त्री काढली, प्लगही लावला. म्हाळसाने येऊन तिचं मनगट धरलं.

"कळ काढ," ती म्हणाली. "हायत तशा ऱ्हाऊ देत."

पूनमने प्लग काढला. कागद खिडकीच्या काचेला लावून पाहिला. साऱ्या घड्या जिथे एकत्र आल्या होत्या तिथे, अगदी मधोमध, कागद झिजला होता. भोक पडलं नव्हतं. पण उजेड आरपार येत होता. तिने झोळीत वाकून रुद्रच्या टाळूवर हात ठेवला. टाळू उडत होती, सगळ्या तान्ह्यांची उडते तशीच. तिने हात बराच वेळ काढला नाही.

कागद आण्णांनी खंडोबाच्या तसबिरीमागे, काच आणि पुठ्ठ्याच्या मध्ये सपाट बसवला आणि चौकटीच्या चारही कडांना खिळे मारले. तो नीट मावला. खिळे मारण्याआधी पूनमने कोपरे बोटाने तपासले. कुठे चुणी नाही, कुठे मुडप नाही. खूप दिवसांनी तिने एखादी वस्तू मनातल्या मनात पास केली.

चित्रकलेच्या वहीचं पान लांबट असतं, आणि चिमणी चौकोनी कागदाचीच होते. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानूने त्या कागदाची उरलेली पट्टी कापून चुलीत टाकली होती, आणि त्या चुलीवरच्या पाण्याने बाळाला न्हाऊ घातलं होतं.