मनकर्णाच्या हातचं वेटोळं

कंदील बारीक करा रे, डोळ्यात जाऊन राहिला. अन् सेवा, मधी फाटे फोडायचे न्हाईत. तुला लई खोड हाय.

निजामाचं राज्य व्हतं तवा. सेहेचाळीस साल, पौषातली अवस. औंढ्याच्या व्यंकटरावाच्या पोरीचं माघात लगीन, म्हणून भोंगा ठरवायला मी बैलगाडीनं वसमतला गेलतो. भोंगेवाला सूर्यकांत माझा जिवाभावाचा सोबती. त्याचं मशीन मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. आतले काचेचे व्हॉल्व्ह लालबुंद पेटायचे. लोकं म्हणायची, गोडवा त्या दिव्यात हाय. सूर्यकांत हसायचा. "दिवे बाजारात मिळतात, बाबा. निम्मा आवाज तर ह्या ट्रान्सफॉर्मरमधी हाय. त्याचं वेटोळं कसं गुंडाळलं, त्यावर."

अन् ते गुंडाळलं व्हतं त्याच्या बायकोनं, मनकर्णानं. केसावाणी बारीक तांब्याची तार. तारेचा थर, वर कागद, पुन्हा थर. ओठातल्या ओठात फेरे मोजायची. एक सैल पडला की अख्खा थर उसवायची, लई हट्टी बाई. म्हणून त्या भोंग्यातून कोणी बोललं, की शेजारी मांडी घालून बोलल्यावाणी वाटायचं.

दिवाळीच्या सुमाराला ती तापानं गेली. लेकरूबाळ न्हाई. सूर्यकांत रोज माईकपुढं बसून तिच्याशी बोलायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ न्हाई म्हणून भोंग्याची तार काढून ठेवायचा. अरे, भोंग्याची तार काढून मशीन चालवत न्हाईत, हे त्यानंच मला शिकवलं व्हतं! आवाजाला भायेर जायला वाटच न्हाई. एक दिवस आतलं वेटोळं जळालं.

मी गेलो तवा पुढ्यात जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन बसला व्हता. "तिच्या हातचं एवढंच राहिलं व्हतं रे," म्हणला. "ते बी मीच जाळलं."

नवं रिकामं रीळ घेऊन त्यावर तार गुंडाळायला बसला. तार तुटायची. पुन्हा जोडायची, पुन्हा तुटायची. शेवटी सगळं काढून फेकलं अन् कंदील मालवला. रीळ रिकामं व्हतं, मी माझ्या डोळ्यानं बघितलं. मी ओसरीवर आडवा झालो. पुढचं त्यानं मला पहाटं सांगितलं.

मध्यानरात झाली असंल. भोंगा खुंटीला. तार जोडलेली न्हाई.

अन् भोंग्यातून आवाज यायला लागला…

ओठातल्या ओठात मोजल्याचा.

तिचाच. शेजारी बसल्यावाणी.

सूर्यकांतानं काडी हातात घेतली. ओढली न्हाई. उजेडानं ती गेली तर?

"मनकर्णा…"

मोजणं थांबलं.

…

मग पुन्हा, पहिल्यापासून… त्याच्या ध्यानात आलं. हाक मारली की तिचं चुकतंय. मग त्यानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला. सहा वर्षं संसार केलता रे त्यानं. किती बोलायचं व्हतं. रातभर रडला, पण हूं की चूं केलं न्हाई.

पहाटं रीळ भरलं व्हतं.

"त्यानंच गुंडाळलं असंल, आजा."

गप, सेवा! त्याच्या हातानं एक थर निघत नव्हता. मी हातात घेऊन बघितलं. फेऱ्याला फेरा चिकटलेला. व्यंकटरावाच्या पोरीचं लगीन वाजतगाजत व्हईल, असं वाटलं मला. पण वेटोळ्याला दोन टोकं लागतात, पोरांनो. एक आत जायचं, एक भायेर यायचं, तवा ते मशीनला जोडता येतं. पहिलं टोक व्हतं. दुसरं सापडंना. दोघांनी नखानं चाचपलं. तार कुठं संपलीच नव्हती. टोक पायजे, तर तिचा एकेक फेरा उसवायचा.

"उसवू का?" मी म्हणलं.

त्यानं रीळ माझ्या हातातून काढून घेतलं, लेकरू घ्यावं तसं. "न्हाई," म्हणला. "निजू दे तिला."

लगीन भोंग्याबिगर झालं. सूर्यकांत गेल्यावर ते रीळ माझ्याकडं आलं. त्या फडताळात हाय. दिवसा बघा, हात लावून बघा. एक टोक हाय. दुसरं… न्हाईच.