दारवाल्याची पैज

बेबीनंदाच्या पत्राला संपतनं सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र तरी केवढं? सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या चोपड्याचं मागचं कोरं पान आणि त्यावर निळ्या शाईच्या सात ओळी. बदनापूरच्या वाचनालयात तो ग्रंथपाल होता. ते पान त्यानं शब्दकोशात ठेवलेलं. कुणी कोश मागितला की तो आधी ते पान काढून खिशात ठेवी.

ती भेटली त्र्याहत्तर साली, जालन्याच्या थेटरात, मॅटिनीला. भुताचा सिनेमा होता. मध्यंतरात संपतनं गाण्यांचं शेवटचं चोपडं घेतलं आणि मागून आवाज आला —

"जरा द्याल का हो? गाणी न्हाई वाचायची. दिग्दर्शकाचं नाव तेवढं बघते."

तो वळला. तिच्या हातातल्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं आणि डोळ्यांत हसू.

"तुम्हाला... दिग्दर्शक?"

"का? बायांनी नुसतं किंचाळायचं काय?"

तीही बदनापूरचीच निघाली. शाळेत मास्तरीण, राहायला भीमनगरात. जालन्याला जाणारी पॅसेंजर कायम उशिरा, त्यामुळे दोघांचीही पडद्यावरची सुरुवातीची नावं चुकायची. त्याचाच मग खेळ झाला. थेटरात ती बायकांच्या बाजूला, तो पुरुषांच्या. सिनेमा सुटला की स्टेशनच्या बाकावर बसून नुसत्या भीतीवरून दिग्दर्शक ओळखायचा, मग चोपडं उघडायचं. हरेल त्यानं शेंगा आणायच्या. दिग्दर्शकांची खरी नावं मागेच पडली. एक झाला धुकेवाला, एक मांजरवाला, आणि तिचा लाडका — दारवाला.

"दारवाला हुशार," ती म्हणायची. "नुसतं बंद दार दाखवतो. कच्चे लोक दार उघडून भूत दाखवतात. दिसलं की भीती संपली!"

"आणि दार उघडलंच न्हाई तर?"

"मंग जन्मभर भ्यायचं..." शेंगेचं टरफल फुंकरीनं त्याच्या शर्टावर उडवत ती म्हणाली, "तुमच्यासारखं."

एकदा तो म्हणाला धुकेवाला, ती म्हणाली दारवाला, तेवढ्यात गाडी आली. चोपडं त्याच्या खिशातच राहिलं. त्याच आठवड्यात पत्र आलं.

'परभणीचं स्थळ आलंय. मी बाबांना तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, पोरानं घरी येऊन बोलावं. रविवारी या. येणार नसाल तर तसं लिहा. मी वाट बघून राह्यले. आणि हो, पैज कोण जिंकलं?'

संपतनं घरी विषय काढला. आई, गिरिजाबाई, ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यांच्या घरचा चहा पिलास, तर माझ्या हातचं पाणी तोंडाला लावू नको."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला खरा. पुढं काय झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. दोन महिन्यांनी बेबीनंदा लग्न होऊन परभणीला गेली.

मग संपत आधीच्या गाडीनं जालन्याला जाऊ लागला. सगळी नावं पडद्यावर दिसायची. ओळखायला काही उरलं नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जालना स्टेशनावर ती समोरच आली. कडेवर मुलगी.

"ओळखलं का, सर?"

"हो... कशा आहात?"

"बरी हाय. तिकडं कन्याशाळेत शिकवते." ती थांबली. "भुताचे सिनेमे बघता अजून?"

"बघतो."

"भीती वाटती?"

गाडीची शिटी झाली. पायरीवर चढता चढता ती म्हणाली, "न्हाई म्हणून लिहायला काय लागत होतं, सर? एक कार्ड..."

दुसऱ्या दिवशी संपतनं कार्डच घेतलं, उघडं, वाटेत कुणीही वाचावं असं. वाचनालयाच्या टेबलावर बसून त्यानं लिहिलं:

'पैज तुम्ही जिंकलात. दारवालाच होता.

त्या रविवारी मी आल्तो. दारापाशी. आतून बाबांनी विचारलं, आला का गं? तुम्ही म्हणालात, येतील, बाबा. मी ऐकलं. कडीला हातही लावला होता. वाजवली नाही. चुकलो. — संपत'

चौकातल्या लाल पेटीत कार्ड अर्धं घालून तो थांबला. बोटं सुटेनात.

मग त्यानं सोडलं.