उतरता आकडा

रक्तवेध-यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटेपर्यंत शाल्मलीने श्वास रोखून धरला होता. एकशे ऐंशी. दीड वर्षापूर्वी तो सातशे होता. नमुना तिचा स्वतःचाच होता.

मिरजेच्या त्या संशोधन केंद्रात ती रक्ताचे नमुने तपासायची, आणि तिथली रुग्णही होती. तिचे वडील सतारी बनवत. पंचेचाळिशीत त्यांचे हात थरथरू लागले, पन्नाशीत घास तोंडापर्यंत जाईना आणि बोलतानाही जीभ वळेना. जनुकातला तोच दोष शाल्मलीकडे आणि तिच्याहून आठ वर्षांनी धाकट्या बहिणीकडे, उल्काकडे आला होता. असे रुग्ण इतके थोडे, की डॉ. तेंडोलकरांनी दोघींनाही औषधाच्या चाचणीत घेतलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय, ते दोन वर्षं डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"मेंदूतली पेशी मेली, की तिच्या जनुकधाग्याचे तुकडे रक्तात उतरतात," डॉक्टरांनी सुरुवातीलाच समजावलं होतं. "रक्तवेधात आपण ते मोजतो. हात थरथरायला किंवा जीभ अडखळायला लागते तोवर बहुतेक पेशी गेलेल्या असतात. आपण त्याआधीच बघतोय."

उल्काचा आकडा मात्र तीनशेवर अडून बसला होता. खाली येतच नव्हता. शाल्मलीला वाटलं, औषध आपल्या वाट्याला आलंय आणि बिचारीच्या वाट्याला पाणी. उल्का वडिलांचंच काम करायची, सतारीचे पडदे बांधायची. हात गेले तर तिचं सगळंच गेलं.

त्या रविवारी ती उल्काकडे जेवायला गेली. उल्का भाकऱ्या थापत असताना तिने घरी टोचून घ्यायच्या आपल्या महिन्याभराच्या कुप्या बहिणीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, बहिणीच्या आपल्या पिशवीत टाकल्या आणि वरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. पुढच्या महिन्यांतही तिने तेच केलं.

पहिल्या महिन्यात उल्काचा आकडा चारशेदहा झाला. दुसऱ्या महिन्यात साडेपाचशे. तिसऱ्या महिन्यात सातशे वीस दिसले. नमुना शाल्मलीने पुन्हा लावला. सातशे वीसच. ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

तेंडोलकर उठले. मग त्यांनी कपाटातली दोन मोहोरबंद पाकिटं काढून फोडली.

"पाणी तुम्हाला होतं," ते म्हणाले. "औषध उल्काला."

"पण सर, माझा आकडा तर उतरत होता!"

"आपण मोजतो काय, शाल्मली? मरणाऱ्या पेशी. जिवंत नव्हेत. आकडा दोन कारणांनी उतरतो. पेशी मरायच्या थांबल्या म्हणून, नाहीतर मरायला फारशा उरल्याच नाहीत म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "उल्काचा रोग आता कुठे चढणीला लागला होता. औषधाने त्याला तीनशेवर रोखून धरलं होतं."

"आणि मी ते काढून घेतलं."

त्यांनी औषधाच्या नव्या कुप्या तिच्यासमोर ठेवल्या.

टळटळीत दुपारी ती उल्काच्या दारात उभी राहिली. उल्का सतारीच्या दांडीवर पडदा बांधत होती. शाल्मलीने कुप्या पुढ्यात ठेवल्या आणि काहीही न लपवता सांगितलं. उल्काच्या बोटांतला धागा तसाच राहिला.

"मला विचारायचं तरी, ताई."

"तू घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं." उल्काने कुपी उचलून उजेडात धरली. तिचा हात अजून स्थिर होता. "माझ्या डोक्यात किती उरलंय?"

"बरंच. आजपासून घेतलंस तर टिकेल."

"आणि तुझ्या?"

शाल्मलीला उत्तर ठाऊक होतं. तिने ओठ उघडले. शब्द मनात नीट तयार होता, पण जीभ वळली नाही. तिने पुन्हा जोर लावला. उल्का तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तिथे भीती पसरली.