मागच्यासाठी थांबणारा

रविवारी सकाळी मी आणि नवल लळिंगच्या टेकड्यांत पळायला जायचो. देवपूरहून मोटरसायकल, किल्ल्याच्या पायथ्याशी चहा, मग पाऊलवाट. मी बँकेत आहे. आठवडाभर एसीत बसायचं आणि रविवारी मोबाइलवर 'निसर्गाशी एकरूप झालो' असं टाकायचं, ही माझी हौस. नवलला असलं काही लिहिता येत नाही. तो सावकाश पळतो, मध्येच थांबून एखाद्या बोरीच्या झाडाला हात लावतो आणि मागे राहतो.

त्याच्या गावच्या गुराख्यांची एक रीत त्याने आम्हा दोघांना लावून दिली होती. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबून हाक द्यायची. मागून "उनू!" म्हणजे 'आलो' असं ऐकू आलं, की मगच पुढे निघायचं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी घड्याळात माझा वेग झकास दिसत होता. पुढच्या महिन्यात शर्यत होती. वळणावर मी "हो नवल!" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. तरी मी निघालो. पुढच्या वळणावर तर हाकही मारली नाही.

वर खिंडीत पोहोचलो तेव्हा तित्तिर ओरडायचे थांबले होते. वाळलेलं गवत वाऱ्याने हलत होतं, पण त्याची सळसळ ऐकू येत नव्हती. तेवढ्यात खालून हाक आली.

"हो नवल!"

आवाज माझा होता. प्रतिध्वनी म्हणावा, तर मला ओरडून बराच वेळ झाला होता.

"उनू!" नवलने उत्तर दिलं.

मी तिथेच उभा राहिलो. खाली जायचा धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने तो लंगडत वर आला. घोटा सुजलेला, त्यावर गवताची वेणी घट्ट आवळलेली. ते गवत हिरवंगार होतं, ओलं. आजूबाजूची टेकडी पार पिवळी पडलेली.

"बरं झालं भो, तू मांगे उना," तो म्हणाला. "मी ते घाबरी गयथू."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"अरे, त्यात काय एवढं!"

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, कोकिळावहिनींनी, मला वरण-बट्टी जेवायला बोलावलं. "भाऊ, तुम्ही होते म्हणून हे घरी आले," त्या तूप वाढत म्हणाल्या. लाजेने माझे कान तापले. तरी मी आणखी एक बट्टी मागून घेतली. त्यानंतर मला आरशात स्वतःचं तोंड बघवेना.

घोटा बरा झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. पाऊलवाटेच्या तोंडाशीच मी त्याला अडवलं.

"नवल, त्या दिवशी मागे आलेला मी नव्हतो."

वाटलं, चिडेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो बुटाची नाडी बांधत राहिला.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "तू कव्हय थांबस?"

मी कधी थांबतो, असं विचारताना त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी मान खाली घातली.

तो उठला. माझ्या खांद्यावरून मागे बघून ओळखीचं हसला. मी वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

"जराखा सरक," तो मला म्हणाला. "त्याले वाट दे."

मी सरकलो.